सेल्फ नुसता ‘कट’ म्हणतो आणि गप्प: समुद्राकाठच्या जुन्या पिकअपचं नेहमीचं दुखणं

किल्ली फिरवली की डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न खणखणीत वाजतो, आणि सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी मोटर) मात्र एकदाच ‘कट’ म्हणून गप्प बसतो. नाहीतर पाल चुकचुकावी तसा ‘कट-कट-कट’ करत राहतो. याच दुखण्याची बाकीची लक्षणं अशी:

– चार-पाच वेळा किल्ली फिरवल्यावर एकदाची लागते, मग दिवसभर कुरकुर नाही.
– पहाटेच्या दमट हवेत अडते, दुपारी काही झालंच नाही अशी लागते.
– सेल्फ फिरतो, पण जड, आता थांबतो की मग अशा चालीने.
– बॅटरीचा क्लॅम्प हाताने पिळला किंवा त्यावर पाना ठोकला की लागते.
– धक्का मारला तर चार पावलांत पकडते.
– सेल्फ मारल्यावर अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल हाताला गरम लागते. हे सांगितलं की लोक हसतात. पुढे येईलच.

सेल्फ गरगर फिरतोय आणि इंजिन पकडत नाहीये, तर तुमचा रोग वेगळा. डिझेलमध्ये हवा, फिल्टरमध्ये पाणी, हीटर प्लग, यातलं काहीतरी. त्याला हे औषध नाही.

माझी पिकअप २००८ सालची, डिझेल. दापोली तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, गाडी उघड्यावर. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, बाकी वर्षभर हर्णै बंदरावरची मासळी. हे दुखणं मी माझ्या गाडीत चार वेळा काढलं. वाडीतल्या आणि बंदरावरच्या गाड्यांत किती वेळा, त्याची मोजदाद नाही. पहिल्या खेपेला मी गाडी न तपासता बॅटरी बदलली. दुकानात टेस्टरसुद्धा न लावता ‘बॅटरी गेली’ म्हणाले, मी मान डोलावली. वर्षभराने पुन्हा तेच, पुन्हा नवी बॅटरी. तिसऱ्या वेळी कळलं की दोष हातभर लांबीच्या एका अर्थिंगच्या पट्टीत (इंजिनातून करंट परत आणणारी तांब्याची पट्टी) होता. तोवर दोन्ही जुन्या बॅटऱ्या मोडीत गेल्या होत्या, आणि त्यातली एक तरी नक्कीच धडधाकट होती.

हे आपल्याकडेच इतकं का होतं? स्वयंपाकघरातली मिठाची बरणी पावसाळ्यात ओली होते, तेच गाडीत होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. खाऱ्या वाऱ्याने गाडीवर बसलेला मिठाचा थर त्यामुळे महिनोन्‌महिने वाळतच नाही. त्यात मासळीच्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी ठिबकतं ते सरळ चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर. तांब्याचा थिंबल (केबलच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी कडी) आणि लोखंडी चासी यांच्यामध्ये ते ओलं मीठ शिरलं की लोखंड आतून खाल्लं जातं. वरून बोल्ट घट्ट, रंग शाबूत, आणि थिंबलच्या पोटात गंजाचा पापुद्रा.

आता हिशोब बघा, कारण पुढची सगळी तपासणी यावर उभी आहे. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज २०० ते ३०० अँपिअर ओढतो. गंजलेल्या सांध्याचा विरोध समजा ०.०१ ओहम. २५० अँपिअर गुणिले ०.०१ म्हणजे अडीच व्होल्ट त्या एका सांध्यातच गायब. हेडलाइटची एक जोडी नऊ-दहा अँपिअर घेते, तिला तोच सांधा ०.१ व्होल्टला पडतो. डोळ्याला कळणारही नाही. म्हणून ‘लाइट तर झगझगीत आहे’ यावरून सेल्फच्या वाटेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवूनही हे सापडत नाही, कारण साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात.

हात लावण्याआधी

गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून जांभ्याचे चिरे. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पाना पॉझिटिव्हवर असताना बॉडीला टेकला तर काय होतं, ते माझ्या १३ नंबरच्या पान्यावर अजून दिसतं. एक कोपरा वितळून गेलाय. म्हणून काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. बॅटरीतून हायड्रोजन सुटतो, तेव्हा जवळ विडी-काडी नको.

फुकटातली तपासणी: लाइट लावून सेल्फ मारा

अंधारात, गाडी भिंतीकडे तोंड करून. हेडलाइट लावा, कोणाला तरी किल्ली मारायला सांगा आणि भिंतीवरच्या उजेडाकडे बघा.

उजेड एकदम मेला, तर बॅटरी उतरलीय, नाहीतर बॅटरीच्या तोंडाशीच सांधा खराब आहे. उजेड तसाच राहिला आणि सेल्फ फक्त ‘कट’ म्हणाला, तर बॅटरीला दोष देऊ नका. करंट बाहेर निघालेलाच नाही. अर्थिंगची पट्टी किंवा सेल्फचा सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा स्विच). ‘कट’सुद्धा नाही आणि उजेडही ढिम्म, तर किल्लीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर, ती वायर बहुतेकदा जोडणीच्या जागी हिरवी पडून सुटलेली असते.

यात एक मेख आहे: उजेडाचा अर्थ अर्थिंगची वाट कशी आहे त्यावर ठरतो. माझ्या गाडीत बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी चासीला जाते आणि तिथून वेगळी पट्टी गिअरबॉक्सला. काही गाड्यांत निगेटिव्ह आधी इंजिनला जाते आणि मग चासीला. तुमची कुठून कुठे जाते ते टॉर्च घेऊन एकदा डोळ्यांनी शोधून ठेवा. बॅटरी बोनेटखाली असेल तर सोपं. हौद्याखाली चासीच्या पट्टीला असेल तर आडवं व्हावं लागेल.

टर्मिनल

पांढरी-हिरवट भुकटी दिसली की ती हाताने झाडू नका, ॲसिड असतं त्यात; माझ्या दोन लुंग्यांना चाळण झालीय. निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून वरून ओता. फसफसतं, थांबलं की साध्या पाण्याने धुवा. बॅटरीची झाकणं घट्ट हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड मरेल. नंतर क्लॅम्पची आतली बाजू आणि शिशाचा खुंट दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. नुसती भुकटी पुसून भागत नाही. खरा अडथळा असतो तो खुंटावरचा काळपट थर.

क्लॅम्प घट्ट करा, हाताने जोर लावून फिरता कामा नये, आणि मग वरून व्हॅसलीन चोपडा. उलट क्रमाने केलं तर व्हॅसलीनच मध्ये अडकतं. क्लॅम्प पूर्ण आवळूनही फिरत असेल तर त्यात पत्र्याचा तुकडा घालायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सहा महिन्यांत पुन्हा छळते. क्लॅम्प नवा घ्या, स्वस्त असतो.

बंदरावरच्या दहा गाड्यांतल्या निम्म्या इथेच बऱ्या होतात.

बॅटरी खरंच गेलीय का

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे रिकामी. रिकामी म्हणजे मेलेली नव्हे. आधी चार्ज करून घ्या, मग निकाल द्या.

आता सेल्फ मारताना मीटर बघा. जुन्या डिझेल पिकअपला बंद करायचा स्टॉपर असेल तर तो ओढून धरा, म्हणजे इंजिन पकडणार नाही. पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मग मिनिटभर सेल्फला गार होऊ द्या. बॅटरीच्या खुंटांवर व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळलं, आणि बॅटरी भरलेली होती, तर बॅटरीच खलास. पण सेल्फ नुसता ‘कट’ करतोय आणि खुंटांवर ११.८ टिकून आहे, तर बॅटरी निर्दोष आहे. ती द्यायला तयार आहे, घेणाऱ्यापर्यंत पोचत नाही. हा एक आकडा माझ्या दोन बॅटऱ्या वाचवू शकला असता.

पाण्याची बॅटरी असेल तर झाकणं उघडून प्लेटा बुडालेल्या आहेत का बघा. प्लेटांच्या वर साधारण बोटभर आडवं पाणी हवं. फक्त डिस्टिल्ड. आमच्याकडे विहिरीचं पाणी गोड म्हणून घालणारे महाभाग आहेत. चहाला ते गोड, बॅटरीला त्यातले क्षार मारतात. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) मिळाला तर भरलेल्या बॅटरीत १.२४० ते १.२८० दिसतं; सहापैकी एकच घर इतरांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर ते घर गेलं, आणि त्याच्याबरोबर बॅटरीही.

अर्थिंग

हीच माझ्या मते या पोस्टमधली कामाची गोष्ट.

इंजिन चासीवर रबराच्या माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत तांब्याच्या विणलेल्या जाळीची एक उघडी पट्टी दिलेली असते. निगेटिव्ह आधी चासीला जात असेल, तर सेल्फचा सगळा करंट परतीला त्या पट्टीतून येतो. ती उघडी, खाली, चाकाने उडवलेल्या खाऱ्या पाण्याच्या वाटेत. काही वर्षांत जाळीचे तारे हिरवे होऊन एकेक तुटत जातात. पट्टी गेली की करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती असते अ‍ॅक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल, कारण तीही इंजिनातून बॉडीकडे येते. ब्रेकच्या तारेएवढ्या जाडीतून एवढा करंट! माझ्या अ‍ॅक्सिलरेटर केबलचं प्लास्टिक आतून वितळून चिकटलं होतं आणि पेडल जड झालं म्हणून मी आधी केबल बदलली. म्हणजे रोग एक, औषधं तीन, तिन्ही चुकीची.

तपासायला जंपर केबल पुरते. एकच घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या एखाद्या जाड बोल्टवर. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून केबल लांब. आता सेल्फ मारा. एवढ्याने गाडी झटक्यात लागली तर दुखणं सापडलं, दुसरं काही शोधू नका.

मीटर असेल तर नेमका सांधाही सापडतो. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिनाच्या धातूवर, आणि सेल्फ मारताना आकडा वाचा. ०.२-०.३ च्या आत हवा. माझ्याकडे २.८ आला. मग दुसरं टोक एकेक पाऊल मागे आणा: खुंट ते क्लॅम्प ०.१, क्लॅम्प ते चासी ०.१, आणि चासी ते गिअरबॉक्स २.६. चोर हाताला लागला. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच बघा: बॅटरीच्या खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत ०.५ च्या आत.

नवी पट्टी स्पेअर पार्टच्या दुकानात तयार मिळते, बांगडा मासळीच्या एका पाटीच्या भावाहून कमी पैशात. जाडी जुनीएवढी किंवा जास्त. घरच्या फिटिंगची वायर लावू नका, ती तापून जळेल. निगेटिव्ह काढून ठेवा. चासीवरची जागा थिंबलच्या आकाराएवढी रंग आणि गंज काढून पांढऱ्या लोखंडापर्यंत घासा, दातेरी वायसर घाला, आवळा, आणि आवळल्यावर वरून ग्रीसचा जाड थर द्या. मी आता दोन पट्ट्या लावतो, एक गिअरबॉक्सवरून आणि एक वर इंजिनावरून, जिथे खारं पाणी कमी उडतं. दुसरी लावल्यापासून, पावसाळे गेले तरी, सेल्फची तक्रार आलेली नाही.

आमच्या वाडीतल्या तात्यांचा या सगळ्यावर सोपा तोडगा होता. गाडी कायम उताराला लावायची. ‘‘अरे, उतार आहे तोवर सेल्फ कशाला हवा?’’ चार वर्षं चाललं. मग एकदा हर्णैच्या वाळूत, लिलाव आटोपून, बर्फ घातलेल्या पाट्या हौद्यात आणि भरती चढत असताना गाडी अडली. वाळूत कुठला उतार? बैलगाडीवाल्याने बैल जुंपायची तयारी दाखवली तेव्हा तात्या मला म्हणाले, ‘‘बाबा, तुझी ती तार आण.’’ जंपर केबल इंजिनाला टेकवली आणि पहिल्याच किल्लीला लागली.

धक्क्याने किंवा उतारावरून गाडी चालू करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्या. इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते. पेडल दगडासारखं लागतं. घाटातल्या उतारावर हा प्रयोग करू नका.

चार्जिंग आणि गळती

बॅटरी चांगली, सांधे स्वच्छ, तरी रोज उतरलेली? इंजिन चालू करून जरा रेस द्या, बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसलं पाहिजे. कमी असेल तर आधी अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) फिरवणारा पट्टा ढिला आहे का बघा. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरीतलं पाणी वारंवार आटतं ते त्यामुळेच. चालू इंजिनात बॅटरीचा क्लॅम्प उचलून ‘अल्टरनेटर बघतो’ म्हणणाऱ्याला थांबवा, अल्टरनेटरचे डायोड उडतात.

गळती (गाडी बंद असतानाही झिरपत राहणारा करंट) शोधायला मीटर १० अँपिअरवर, निगेटिव्ह केबल आणि खुंटाच्या मध्ये. दारं बंद, किल्ली काढलेली, आणि या अवस्थेत सेल्फ मारायचा नाही, मीटर जळेल. जुन्या गाडीत ०.०५ अँपिअरच्या आत हवं. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडतो ती ओळ दोषी. बहुतेकदा मागून बसवलेला टेप, जीपीएस नाहीतर हौद्यावरचा एलईडी.

इथे थांबा, वायरमनला बोलवा

वरचं सगळं बरोबर आलं, उजेड टिकतो, व्होल्टेज गळत नाही, तरी एकच ‘ठक्’, तर दोष सेल्फच्या आत आहे: सोलेनॉइडचे जळलेले काँटॅक्ट, संपलेले कार्बन, झिजलेले बुश. सेल्फच्या पोटाला लाकडाने हलकं ठोकल्यावर लागली तर बहुतेक कार्बन. ही एकदाची घरी पोचण्यापुरती युक्ती. सेल्फ उतरवणं गाडीखाली झोपून करायचं वजनदार काम आहे, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी कोणालाच जाऊ देत नाही. तो खोलून बसवणंही घरचं काम नव्हे. मेकॅनिक पेचकसाने सेल्फचे दोन बोल्ट जोडून इंजिन फिरवतात, ते बघून करायला जाऊ नका. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावर येते.

आणि ही चार असतील तर किल्लीला पुन्हा हातच लावू नका. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा सडक्या अंड्यासारखा वास मारणारी. किल्ली सोडल्यावरही सेल्फ फिरतच राहतोय (तेव्हा निगेटिव्ह ताबडतोब काढा). केबलमधून धूर. आणि गाडी भरतीच्या पाण्यात बुडून आलीय. पाणी सिलिंडरमध्ये असेल तर एका सेल्फमध्ये कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. निगेटिव्ह काढा आणि टोचन करून न्या.

जून-जुलै

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, गाडीही बंद. याच दोन महिन्यांत सगळं सडतं. ०.१ अँपिअरची गळतीसुद्धा साठ दिवसांत १४४ अँपिअर-तास खाते, आणि आपल्या बॅटऱ्या त्याच्या निम्म्याच्या आसपास असतात. मी ३१ मेला चासी गोड्या पाण्याने धुतो, बॅटरी काढून पडवीत फळीवर ठेवतो आणि महिन्यातून एकदा चार्जर लावतो. नारळी पौर्णिमेच्या चार दिवस आधी परत बसवतो. निगेटिव्ह लावायच्या आधी त्या दोन पट्ट्यांच्या बोल्टांवर पाना फिरवून बघतो. यंदा गिअरबॉक्सवरचा अर्धा आटा सैल निघाला.